बाकावरची पोरं

गेल्या डिसेंबरात आम्ही तेरा वर्षांखालच्या मुलांची टीम घेऊन साताऱ्याहून सांगलीला गेलो होतो. एक क्रुझर गाडी, चौदा मुलं, मी आणि माझा एक मित्र. स्पर्धा छोटीच होती. नऊ-नऊ जणांचे सामने, सगळं एका दिवसात उरकायचं. आम्ही दोन सामने जिंकलो आणि उपांत्य फेरीत हरलो. परतताना पेठ नाक्यावर वडापाव खायला थांबलो, तेव्हा एका मुलाने अंगातली जर्सी दोन्ही हातांनी ताणून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "माझ्या मम्मीला बरं झालं. माझा ड्रेस धुवायलाच नको!"

पोरं हसली. मीही हसलो. कराड यायच्या आत माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिन्ही सामन्यांत हा मुलगा एक मिनिटही मैदानात उतरला नव्हता. सकाळी बांधलेले शिनगार्ड त्याने अजून काढले नव्हते. आणि दुपारी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लेली धपाटी त्याच्याच आईने पहाटे उठून करून दिलेली होती.

त्यानंतर तो दोन रविवार आला आणि मग यायचा बंद झाला. मी कारण विचारायला फोन केला नाही. कारण मला माहीत होतं.

मी काही कोच वगैरे नाही. पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, निम्मा आठवडा साताऱ्यातल्या घरून काम करतो. शाळेत फुटबॉल खेळलो, सांगलीला इंजिनिअरिंग करताना कॉलेजच्या टीममध्ये होतो (म्हणजे बहुतेक वेळा बाकावरच होतो, हे प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं). तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघा मित्रांनी रविवारी सकाळी मुलांना शिकवायला सुरुवात केली. एक छोटासा कोर्स केला, बाकीचं यूट्यूबवरून. तेव्हा आमची समजूत अशी होती की मोठ्या क्लबचा कोच जे करतो तेच आपण लहान प्रमाणात करतोय. तो अठरा मजली इमारत बांधतो, आपण एक मजली. काम तेच, माप वेगळं. त्या रविवारनंतर या समजुतीचा मला संशय यायला लागला.

आधी व्यावसायिक कोचची बाजू. एका खेळाडूला सबंध दिवस बाकावर बसवणं हा त्याच्यासाठी गुन्हा नाही, तो त्याच्या नोकरीचाच भाग आहे. बाकावर बसलेल्या खेळाडूलाही पगार मिळतो. त्याने करार वाचून सही केलेली असते, त्याचा एजंट असतो, पटलं नाही तर तो दुसरा क्लब शोधू शकतो. आणि त्याला बसवणारा कोच स्वतःही कुणाच्या तरी बाकावरच असतो. २०१८ मध्ये एफसी पुणे सिटीने मिगेल आंखेल पोर्तुगाल या स्पॅनिश कोचला मोसम सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना घरी पाठवलं. पुढच्या वर्षी तो क्लबच बंद झाला. अशा जगात निवड करणं आणि निवड न झाल्याचं तोंडावर सांगणं यात एक प्रकारचा सच्चेपणाच आहे. सगळे सज्ञान आहेत, सगळ्यांना नियम माहीत आहेत.

माझ्या चौदा मुलांपैकी कुणी कशावर सही केली होती? त्या मुलाने अर्ज केला नव्हता. तो फक्त आला होता. मी मात्र त्याला उमेदवारासारखं वागवलं. हे माझ्याकडे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आमच्या कंपनीत भरतीच्या काळात मी मुलाखती घेतो. ढिगाने बायोडेटा येतात, चाळणी लावली की थोडे उरतात, पुन्हा चाळणी, शेवटी दोघंतिघं. चाळणीतून जे खाली पडतात त्यांच्याबद्दल आमचं काहीही देणं लागत नाही; फार तर एक सौम्य शब्दांतला ईमेल. मैदानावर मी हीच चाळणी घेऊन उभा होतो आणि तिला 'टॅलेंट शोधणं' म्हणत होतो. पण पन्नास मुलांतला एखादाच कधीतरी राज्य पातळीवर जाणार असेल, तर मैदानावरचं माझं काम हिशेबाने एकोणपन्नास मुलांसाठी आहे. चाळणीच्या भाषेत त्या एकोणपन्नासांना चोथा म्हणतात.

बारा वर्षांच्या मुलांची चाळणी फसवीही असते. या वयात जो 'चांगला' वाटतो तो बऱ्याचदा फक्त सहा-आठ महिन्यांनी मोठा असतो. वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली, तर जानेवारीतला मुलगा आणि डिसेंबरातला मुलगा एकाच गटात येतात. त्या वयात वर्षभराचा फरक म्हणजे चार बोटं उंची आणि खांद्यात दुप्पट जोर. जगभर हे दिसलंय की निवडलेल्या मुलांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते. (आमच्या आजोबांच्या पिढीत हा प्रश्न नव्हता, शाळेतल्या गुरुजींनी सगळ्यांचा वाढदिवस १ जून करून टाकला होता.) माझा तो धुवायला न लागणारा ड्रेस नोव्हेंबरातला होता. हे मी नंतर यादीत बघितलं.

मग ग्रासरूट्सच्या कोचने करायचं काय? सगळ्यांना नुसतं खेळू द्यायचं? तेही मी पाहिलंय. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या आधी, महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा कार्यक्रम घेतला होता. मी तेव्हा सांगलीत शिकत होतो आणि आम्ही काही जण एका शाळेत मदतीला गेलो होतो. चेंडू एक, मुलं साठ, नियम कुणालाच माहीत नाहीत, आणि आनंद असा की विचारू नका. बाक नव्हता, राखीव खेळाडू नव्हते, कुणी वगळलं गेलं नाही. महिनाभराने त्या शाळेत काही कामाने गेलो तर चेंडू कपाटात होता आणि किल्ली हेडसरांकडे. कुणालाही न वगळणं ही पहिली पायरी झाली. दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणीतरी उभं असावं लागतं.

असा उभा राहिलेला एक माणूस आमच्याच जिल्ह्यातला आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला तिरंदाजी खेळला, जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रशियन तिरंदाजाला त्याने पहिल्या फेरीत हरवलं. आईवडील मजुरी करणारे. त्याला खेळात आणलं ते जिल्हा परिषद शाळेतल्या विकास भुजबळ सरांनी. गंमत अशी की सरांनी त्याला धनुष्य दिलंच नाही. त्यांनी त्याला पळायला लावलं. घरात खायचे वांधे असलेलं अशक्त पोर पळताना टिकेना, तर त्याच्या खाण्याकडे बघितलं. पुढे क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर तिथल्या लोकांना त्याच्यातला तिरंदाज दिसला. तिरंदाजीच्या पुस्तकात सरांच्या नावावर काय लिहिणार? तंत्र शून्य. ज्या खेळासाठी तयारी केली तो खेळही चुकला. तरी ते नसते तर पुढचं काहीच नसतं. हे वाचल्यापासून मला वाटतं की खालच्या पातळीवरचा कोच मुळात खेळ शिकवतच नाही. तो मुलाला यायची सवय लावतो, आणि मूल येत राहील एवढं बघतो. खेळ हे त्याचं निमित्त.

पण मग साताऱ्याच्याच अदिती स्वामीचं काय? २०२३ मध्ये बर्लिनला ती सतराव्या वर्षी कंपाऊंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचे कोच प्रवीण सावंत. उसाच्या शेतातल्या मैदानावर त्यांनीच तिला लहानपणापासून शिकवलं आणि जागतिक विजेतेपदाच्या वेळीही गुरू तेच. त्याच स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण जिंकलेला नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्यात त्यांच्याकडेच सराव करत होता. म्हणजे 'गावातला तो ग्रासरूट्स आणि शहरातला तो प्रोफेशनल' ही वाटणी टिकत नाही. एकच माणूस सकाळी सात वाजता एक आणि नऊ वाजता दुसरा असू शकतो. फक्त कुठल्या वेळी आपण कोण आहोत हे त्याला कळायला हवं. समोरच्या मुलाचं मी काय देणं लागतो, एवढाच तो फरक आहे.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे आणि फुटबॉलवाल्यांनी ते नजरेआड केलंय, असं मला वाटतं. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. शाहू स्टेडियमवर हजारोंच्या गर्दीसमोर खेळणारे हे क्लब तालमींच्या पोटातून आले. आणि तालमीत बाक नसतो. कधी विचार केलाय? वस्तादाकडे आलेलं प्रत्येक पोर हौद्यात उतरतं, माती उकरतं, जोर मारतं. ज्याची उंची पाहून कळतं की हा काही हिंदकेसरी होणार नाही, तोही. त्याहून मोठी शहाणपणाची गोष्ट म्हणजे 'जोड'. गावच्या जत्रेत कुस्त्या लागतात त्या एकदम लाखाच्या इनामाच्या नसतात. दुपारी आधी बारकी पोरं उतरतात, रेवड्यांवर. पंच लोक दोन पोरांना शेजारी उभं करतात, दंड चाचपतात, 'ही जोड बरोबर आहे' म्हणतात आणि लावून देतात. जोड मिळाली नाही तर कुस्ती होत नाही. कमकुवत पोराला वगळायचं नाही, त्याच्या तोलाचा दुसरा शोधायचा. हरला तरी तो मातीत हरतो. त्याचा लंगोट कोरा राहत नाही.

आता युरोपातली मोठी फुटबॉल मंडळं 'लहान मुलांचे छोटे सामने, समान ताकदीचे गट' असं कोर्समध्ये शिकवतात आणि आम्ही वहीत लिहून घेतो. आमच्या जत्रेतला पंच हे पागोटं सावरत करत होता.

तालमीचं फार गोडवे गायचे नाहीत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत तयार झाले, पण १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना नवेच होते. ते सहावे आले. त्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना शिकवलं, आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. एका टप्प्यानंतर वस्तादाचं प्रेम पुरत नाही. तिथे ज्याला विषय येतो असा माणूस लागतो, आणि तो माणूस निवड करणार, वगळणार, कठोर बोलणार. वस्तादाची परीक्षा अशी की वेळ आली की आपलं पोर त्याने सोडावं. कित्येक जण सोडत नाहीत. 'आमचा पोरगा' म्हणत धरून ठेवतात. निष्ठूर निवडीइतकंच हेही अन्यायाचं.

पैशाचं एक सांगतो. फिफाचा नियम आहे की खेळाडू करार चालू असताना एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर मोबदल्याच्या रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंतच्या प्रत्येक मोसमाला त्या पाचातले ५ टक्के, सोळाव्या ते तेविसाव्यापर्यंत प्रत्येक मोसमाला १० टक्के. हिशेब बरोबर शंभर होतो. मी करून पाहिला, सवय आहे. बाराव्या वर्षाच्या आधीचं शून्य. म्हणजे ज्याने चेंडू पहिल्यांदा पायाला लावला त्याचा वाटा शून्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. मग वाटलं, शून्यच असू दे. दहा वर्षांच्या पोराच्या पायावर जर पुढे मिळायच्या पैशाचा हक्क चिकटवता आला, तर पुढच्याच रविवारी मैदानाच्या कडेला कागद घेऊन माणसं उभी राहतील, आणि मग बाकावर कुणी बसायचं हे तेच ठरवतील. आपल्याकडे कोचना द्यायच्या सर्वोच्च पुरस्काराला १९८५ पासून द्रोणाचार्यांचं नाव आहे. म्हणजे ज्याला शिकवलंच नाही त्याच्याकडून दक्षिणा वसूल करणाऱ्या गुरूचं. शिकवून काहीच न मागणाऱ्याचं नाव द्यायचं ठरवलं असतं तर कुणाचं दिलं असतं, याचा मी विचार करतो. बहुधा कुणी पीटीचे सर.

इथपर्यंत सगळं मला पटलं होतं आणि जानेवारीत मी आमच्या ग्रुपवर नियम जाहीर केला. तेरा वर्षांखालच्या टीममध्ये प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात निम्मा वेळ खेळणार. पालकांनी अंगठे दाखवले. मला स्वतःचा अभिमान वगैरे वाटला.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा सांगली भागात एका स्पर्धेला गेलो. आमच्यात एक मुलगा आहे, खरोखरचा चांगला. चेंडू त्याच्या पायाशी आला की मैदान गप्प होतं. नियमाप्रमाणे तो निम्मा वेळ खेळला. तो आत असताना आम्ही १-० पुढे होतो, तो बाहेर आला आणि आम्ही ३-१ हरलो. स्पर्धा बघायला पुण्याच्या एका अकादमीचे लोक आले होते. ते दुपारनंतर, बाद फेरीच्या वेळी आले. आम्ही तोवर बाहेर पडून उसाचा रस पीत होतो.

रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला. ते एसटीत आहेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "सर, तुमचा विचार चांगला आहे. पण त्या विचाराची किंमत माझ्या पोरानं का द्यायची?"

प्रवीण जाधवला टोकियोपर्यंत जायला शेजारी दहा जण लागले नाहीत. बाण त्याचा, लक्ष्य त्याचं. फुटबॉलमध्ये चांगल्या पोराला दिसायचं असेल तर टीम पुढे जावी लागते. शालेय स्पर्धांचंही तसंच. तालुका जिंकला तर जिल्हा, जिल्हा जिंकला तर विभाग. कोरा ड्रेस राहिलेल्या मुलाला मी जो न्याय दिला तो या मुलाच्या खात्यातून काढून दिला. जोड लावणाऱ्या पंचाला ही अडचण नव्हती, कारण तिथे एकाच्या कुस्तीवर दुसऱ्याची कुस्ती अवलंबून नसते. तालमीचं उत्तर मला इथे अर्धंच उपयोगी पडतं.

माझा मित्र, जो काही वर्षं पुण्यातल्या एका अकादमीत खेळलेला आहे, म्हणाला की यात अवघड काही नाही, दोन टीम कर. एक जिंकायची, एक खेळायची. मी म्हटलं, दुसऱ्या टीममधल्या पोरांना कळत नाही का कुठली टीम कुठली? तो म्हणाला, "कळतंच. आपल्याला नाही का कळत होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कळत होतंच, आणि तरी आम्ही दोघंही तीस वर्षांकडे झुकलेले बाप्ये रविवारी सकाळी सहाला मैदानावर होतो. कॉलेजात मला बाकावर बसवणाऱ्या सरांनी मला कधीही 'उद्या येऊ नको' म्हटलं नव्हतं. सरावात सगळ्यांइतकंच पळवलं, सगळ्यांइतक्याच शिव्या घातल्या. कदाचित बाक ही अडचण नसावी. त्या डिसेंबरातल्या दिवशी मी त्या मुलाला बसवलं एवढंच नाही, तो बसलाय हे विसरलो. व्यावसायिक कोच बाकाकडे सारखा वळून बघतो, त्याला तिथून कुणाला तरी उठवायचं असतं. मी वळूनही पाहिलं नाही. निवडायचा अधिकार मी त्याच्याकडून उचलला आणि बघायची जबाबदारी तिथेच ठेवून आलो.

परवा पोवई नाक्यावर तो मुलगा दिसला. सायकलवर होता, उंच झालाय. "नमस्ते सर" म्हणाला. मी थांबवलं आणि डिसेंबरचं बोललो, म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. त्याला आठवतच नव्हतं, किंवा तसं त्याने दाखवलं. हल्ली क्रिकेटला जातो म्हणाला. "तिकडे बॅटिंग येतेच, सर. नंबर लागतोच."

येत्या रविवारी मिरजेला सामने आहेत. यादीत सोळा नावं झाली आहेत आणि क्रुझरमध्ये चौदाच मुलं मावतात, म्हणून दुसरी गाडी सांगितली आहे. त्या चांगल्या मुलाच्या वडिलांचा काल रात्री मेसेज आला आहे. तो या वेळी पूर्ण वेळ खेळणार का, एवढंच विचारलंय. दोन निळ्या टिक्स त्यांना दिसल्या असतील. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.